गादीशेजारचा सेनापती

सत्ता हाती असणं आणि सत्तेचा मालक असणं, यांतला फरक आपण रुमानियाच्या जनरल निकोलाए गोलेस्कु यांच्या चरित्रातून समजून घेऊ या. १८४८च्या क्रांतीत वालाकिया संस्थानाचा कारभार तिघांकडे आला. गोलेस्कु त्यांतले एक. क्रांती चिरडली गेली, हद्दपारी आली. १८५७ साली ते मायदेशी परतले. १८६६मध्ये कुझा यांना गादी सोडावी लागली, तेव्हा पुन्हा तिघांचं कारभारीमंडळ, आणि त्यात पुन्हा गोलेस्कु! मग गादी बळकावली का? नाही. त्याच वर्षी जर्मन राजपुत्र कारोल आले, कारभार त्यांच्या हाती गेला. १८६८ साली गोलेस्कु काही महिने पंतप्रधान होते. ठेव सांभाळायची, वेळ आली की परत करायची. विश्वस्तपण म्हणतात ते हेच.