कोपऱ्यावरचं दुकान आणि शहराचा डीपी

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. विषय जरा सरकारी वाटेल, पण त्याचा संबंध तुमच्या बिल्डिंगखालच्या वाण्याशी, इस्त्रीवाल्या काकांशी आणि वडापावच्या गाडीशी आहे. त्यामुळे स्क्रोल करू नका, थांबा जरा.

'लोकल दुकानातूनच घ्या' असं आपण स्टेटसला टाकतो. चांगलंच आहे ते. पण माझ्या मते गिऱ्हाईक होणं हा अर्धाच आधार झाला. दुकान चालतं जागेवर. ती जागा उद्या दुकानच राहणार, की तिथून रुंद रस्ता जाणार, हे बऱ्याच अंशी शहराच्या विकास आराखड्यात ठरतं. बोलताना सगळे त्याला डीपी म्हणतात. व्हॉट्सअॅपवरचा डीपी नव्हे, डेव्हलपमेंट प्लॅन!

महाराष्ट्रात हे सगळं १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार चालतं. साधारण २० वर्षांतून एकदा आराखडा नव्याने करायचा असतो. आधी त्याचा मसुदा, म्हणजे प्रारूप आराखडा, जाहीर होतो आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. त्यासाठी साधारण ३० दिवस मिळतात. मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी राज्य सरकार मंजुरी देतं. आता गंमत बघा. २० वर्षांचा निर्णय, आणि आपल्या हातात एक महिना! तो महिना आपण रील्स बघण्यात घालवला, तर नंतर बुलडोझर आल्यावर व्हिडिओ काढण्याशिवाय फारसं काही उरत नाही.

'पण आपल्या एका अर्जाने काय होणार?' असं कुणी म्हणेल. मुंबईचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा आला. त्यात ढोबळ चुका होत्या. काही ठिकाणी उभ्या इमारतींवरूनच रस्ते दाखवले होते. लोकांनी वॉर्डावॉर्डांत बसून नकाशे तपासले आणि ५० हजारांहून जास्त हरकती दाखल झाल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारने आराखडा दुरुस्त करून नव्याने मांडायला सांगितलं. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि अंतिम आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. प्रत्येकाची हरकत मान्य झाली असं नाही. पण आराखडा बदलू शकतो, हे सगळ्यांनी पाहिलं.

आता हातगाड्यांचं बघू. इथे आपलीच ओढाताण होते. आपल्याला फुटपाथ मोकळा हवा आणि संध्याकाळी भाजीवाल्या मावशीही हव्यात. याच भांडणावर २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार शहरात पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. रहिवासी संघांनाही तिथे प्रतिनिधित्व आहे. शिवाय विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवू नये, असं कायदा सांगतो. म्हणजे तुमची सोसायटी फक्त 'गाड्या हटवा' एवढाच अर्ज करू शकते असं नाही. 'या बाजूला चालायला जागा सोडा, त्या बाजूला गाड्यांना जागा आखून द्या' असंही लिहून देता येतं. मला तरी हा दुसरा अर्ज जास्त कामाचा वाटतो.

लहान कामांसाठी आणखी एक वाट आहे. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घ्यायला सुरुवात केली. फुटपाथ, दिवे, बसथांबा अशी प्रभागातली छोटी कामं लोकांनी सुचवायची. दुकानांसमोरचा फुटपाथ नीट झाला, रात्री उजेड राहिला, की माणसं पायी येतात आणि पायी आलेला माणूस दुकानासमोर थांबतो. वाण्याला याचा किती उपयोग होतो, ते त्यालाच विचारा.

मग करायचं काय? सोपं आहे.

पहिलं, महापालिकेच्या वेबसाइटवर आपल्या भागाचा डीपी नकाशा शोधा. मोबाइलवर झूम करून बघा. आपल्या गल्लीवर कुठलं आरक्षण आहे, रस्तारुंदीची रेघ कुठून जाते, ते पाहा.

दुसरं, ते दुकानदारांना दाखवा. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला वेबसाइट उघडायला सवड नसते. तुमच्याकडे फोनही आहे आणि इंटरनेटही.

तिसरं, मसुदा जाहीर झाला की हरकत लेखी द्या. सिटी सर्व्हे नंबर लिहा, काय चुकलंय आणि त्याऐवजी काय हवंय ते चार ओळींत मांडा. नुसतं 'आमचा विरोध आहे' लिहून भागत नाही. अर्जाची पोच घ्या आणि सुनावणीला बोलावलं तर जा. दुकानदार आणि रहिवासी एकत्र गेले, तर 'हा फक्त धंद्याचा स्वार्थ' असं म्हणून बाजूला सारणं अवघड जातं.

तर मंडळी, आज दूध आणायला खाली उतराल तेव्हा वाण्याला एवढंच विचारा, 'काका, आपल्या रस्त्याचा डीपी पाहिलाय का?' काय उत्तर मिळालं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!