हरवलेले हसू आणि ध्वनिफीत

२८ मे १९५१ रोजी बीबीसीच्या नभोवाणीवरून 'क्रेझी पीपल' या विनोदी कार्यक्रमाचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. पुढे हाच कार्यक्रम 'द गून शो' या नावाने गाजला आणि १९६० पर्यंत चालला. त्याचे प्रमुख लेखक स्पाइक मिलिगन यांचा जन्म १९१८ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला झाला. त्यांच्या बालपणाचा काही काळ पुण्यात गेला होता.

विद्यार्थी मित्रांनो, हा पहिला भाग आज ऐकावा असे तुम्हाला वाटेल. पण तो ऐकता येणार नाही. १९५१ सालच्या त्या पहिल्या मालिकेतील एकाही भागाचे ध्वनिमुद्रण आज शिल्लक असल्याचे माहीत नाही. असे का व्हावे? याचे उत्तर समजण्यासाठी आवाज साठवतात कसा, हे पाहू.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्यांचे विद्युत्प्रवाहाच्या चढउतारांत रूपांतर करतो. हे चढउतार टिकवून ठेवण्याच्या दोन पद्धती त्या काळी वापरात होत्या. पहिली तबकडीची. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ लेप देत आणि त्यात सुईने नागमोडी खाच कोरीत. अशी तबकडी वाजवावी तितकी खाच झिजते.

दुसरी पद्धत ध्वनिफितीची. प्लॅस्टिकच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण बसवलेले असतात. फीत विद्युत्चुंबकासमोरून सरकते, तेव्हा प्रवाहाच्या चढउतारांप्रमाणे हे कण कमीअधिक चुंबकित होतात आणि तसेच राहतात. फितीचा वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर धरला, तर १०,००० हर्ट्झच्या स्वराची एक लहर फितीवर केवळ ०.०३८ मिलिमीटर जागेत मावते!

आता अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला किती फीत लागेल? ३८ × १,८०० = ६८,४०० सेंटिमीटर, म्हणजे ६८४ मीटर. एवढी फीत महागच. पण फितीचा एक गुण असा, की ती पुसता येते. दुसऱ्या विद्युत्चुंबकातून उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. फीत त्याच्यापासून दूर जाऊ लागली की चुंबकीय क्षेत्र क्षीण होत जाते, कणांची दिशा विस्कटते आणि एकूण चुंबकत्व शून्य होते. फीत पुन्हा कोरी! काटकसरीला हा गुण सोयीचा. पण जतनाच्या दृष्टीने तोच मोठा दोष ठरतो. शिवाय त्या काळी नभोवाणीचा विनोद म्हणजे आज ऐकायचा आणि उद्या विसरायचा, अशीच समजूत होती. जपून ठेवायला हवे असे वाटलेच नाही, तर जपणार कोण?

मग नंतरचे बरेच भाग कसे वाचले? परदेशांतील नभोवाणी केंद्रांना पाठवण्यासाठी बीबीसीचा एक विभाग निवडक कार्यक्रमांच्या तबकड्या छापीत असे. मूळ तबकडीवर धातूचा थर चढवून साचा करायचा आणि त्यावरून अनेक प्रती काढायच्या. एक प्रत फुटली, तरी दुसरी कुठे तरी राहतेच. चौथ्या मालिकेतील काही संहिता तर पुढे नव्याने सादर करून मुद्रित केल्या गेल्या. संहिता असल्यामुळे ते जमले. परंतु पहिल्या प्रयोगातील शब्दांची फेक, नेमका क्षणभराचा थांबा आणि समोरच्या प्रेक्षकांचे हसू कागदावर उतरत नाही.

आज आवाज अंकांच्या रूपात साठवतात. त्याची प्रत काढताना मुळाचा दर्जा घटत नाही. मात्र साठवणारे उपकरण बिघडू शकते आणि पुसणे तर एका बोटाचे काम झाले आहे. तुमच्या घरी आजीच्या ओव्यांची किंवा आजोबांच्या बोलण्याची एखादी जुनी कॅसेट असेल. ती ऊन, दमट हवा आणि ध्वनिवर्धकातील लोहचुंबक यांपासून दूर ठेवा. शाळेतील शिक्षकांच्या मदतीने तिची अंकीय प्रत काढा. एक नव्हे, दोन, आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सोबत कागदावर बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहा. हे काम सुट्टीतल्या एका दुपारी होण्यासारखे आहे. ती कॅसेट वाजते आहे तोवरच ते उरकायला हवे.