ईमेलचे कुलूप : वाटेवरचे की पत्रावरचे?

सातारा/सांगली - महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये, तर सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा मालाच्या दूरदेशीच्या व्यवहारात दरपत्रक, बीजक आणि बँक खात्याचा क्रमांक ईमेलनेच जातो. हा मजकूर कोणी वाचू नये आणि वाटेत बदलू नये, यासाठी तीन पद्धती प्रचलित आहेत.

पूर्वी अनेक बाजारपेठांत रुमालाखाली हात धरून, बोटांच्या खुणांनी भाव ठरत असे. त्यासाठी दोघांनी समोरासमोर बसणे आवश्यक होते. ईमेलमध्ये ही अडचण किल्ल्यांच्या जोडीने सुटते. सार्वजनिक किल्लीने कोणीही कुलूप लावावे. ते उघडते फक्त खासगी किल्लीने.

टीएलएस : हे वाटेवरचे कुलूप. संगणक ते सर्व्हर आणि सर्व्हर ते सर्व्हर या प्रवासात ते मजकूर झाकते. वापरणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. मात्र सर्व्हरवर पत्र उघडेच असते.

पीजीपी : फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ही पद्धत आणली. पत्र पाठवणाऱ्याकडेच बंद होते आणि घेणाऱ्याकडेच उघडते. मोफत साधने उपलब्ध आहेत; पण समोरच्याची किल्ली खरी आहे का, हे स्वतःच पडताळावे लागते. खासगी किल्ली हरवली, तर जुनी पत्रे कायमची बंद होतात.

एस-माइम : यातही पत्रच बंद होते, मात्र किल्लीची ग्वाही प्रमाणपत्र देणारी संस्था देते. त्यामुळे कार्यालयांना ती सोयीची ठरते. ई-निविदेसाठी घेतलेले डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र येथे चालेलच असे नाही. त्यात ईमेल पत्ता नोंदलेला असावा लागतो.

केवळ कुलपाने पत्र कोणाचे हे सिद्ध होत नाही, कारण सार्वजनिक किल्ली कोणालाही मिळू शकते. खाते क्रमांक बदलून होणारी फसवणूक ओळखायची, तर डिजिटल स्वाक्षरीच हवी. पीजीपी आणि एस-माइम या दोहोंत ती सोय आहे.

या पद्धतींनाही मर्यादा आहेत. पत्राचा विषय बहुधा उघडाच राहतो. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या 'ईफेल' त्रुटीमुळे अनेक ईमेल प्रणालींतून दोन्ही पद्धतींचा मजकूर फुटू शकत होता. म्हणून प्रणाली अद्ययावत ठेवणे अगत्याचे आहे.

खाते बदलल्याचे पत्र आले, तर पैसे पाठविण्यापूर्वी जुन्या, माहितीतल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खातरजमा करावी. पत्रात दिलेल्या नव्या क्रमांकावर नव्हे.