मोटारीचा क्लच घरीं बदलतांना

इंजिन अखंड फिरत असतें. चाकांस मात्र कधीं थांबावें, कधीं चालावें लागतें. या दोहोंचा संबंध जोडणें व तोडणें हें क्लचचें कार्य होय. फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांमध्यें घर्षणाची एक तबकडी दाबून धरलेली असते. पेडल दाबतांच तो दाब सुटतो. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावरील इमामपूर घाटांत पेडल अर्धवट दाबून गाडी चढविणाराची तबकडी घासून, तापून लवकर झिजते. इंजिनाचा वेग वाढूनहि गाडीचा वेग वाढत नसेल, तर ती घसरूं लागली असें समजावें.

प्रथमच हें काम करणारानें बॅटरीची तार सोडावी व सपाट जागीं गाडी भक्कम घोड्यांवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं शिरणें म्हणजे जिवाशीं खेळ होय! गिअरबॉक्स फार जड असतो. तो सोबत्याच्या साह्यानें, आधार देऊनच उतरवावा. जुन्या तबकडीच्या धुळींत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. ती फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी.

नव्या तबकडीस तेलाचा स्पर्श होऊं देऊं नये. तिची बाजू पाहून, मध्य साधून, समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळावे. मध्य चुकल्यास गिअरबॉक्स बसत नाहीं, आणि बळजबरी केल्यास तबकडीच वाकते. येथें मनगटाच्या जोरापेक्षां धीरच अधिक उपयोगीं पडतो.