माराकेश : बागेतले पाणी, चौकातला घास

मोरोक्को देशातील माराकेश शहरात वर्षाकाठी सुमारे २५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माण-आटपाडी भागातही याहून अधिक पडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढला तरी तेथे कोणाला नवल वाटत नाही. अशा कोरड्या मैदानात अकराव्या शतकापासून एक शहर नांदते आहे आणि त्याची ख्याती आहे ती बागांसाठी. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत माराकेश म्हणजे तांबड्या भिंती, निळा बंगला, गालिच्यांचा बाजार आणि रात्रीचा गजबजलेला चौक. ही चित्रे खोटी नाहीत. मात्र ती ज्या आधारावर उभी आहेत तो जमिनीखाली आहे. तो समजून घेतल्याखेरीज तेथील बागही कळत नाही आणि रस्त्याच्या कडेला मिळणारा घासही.

शहराच्या दक्षिणेला हाय ॲटलास पर्वताची रांग आहे. तिचे तुबकाल हे शिखर ४,१६७ मीटर उंच. हिवाळ्यात तेथे बर्फ साठते, ते वितळून काही पाणी नद्यांना मिळते आणि काही पायथ्याच्या गाळात मुरते. अल्मोराविद घराण्याने शहर वसवले, तेव्हा हे मुरलेले पाणी मैदानात आणायचे कसे, हा प्रश्न होता. बाराव्या शतकातील भूगोलकार अल्-इद्रिसी याने त्याच्या उत्तराचे श्रेय उबैदुल्ला इब्न युनूस या जाणकाराला दिले आहे. ते उत्तर म्हणजे ‘खेत्तारा’.

पायथ्याशी भूजलापर्यंत एक खोल विहीर खणायची. तिच्या तळापासून शहराच्या दिशेने एक भुयार काढायचे, आणि त्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा थोडा कमी ठेवायचा. मग काही किलोमीटरवर भुयार आपोआप जमिनीच्या पातळीला येऊन मिळते आणि पाणी वाहू लागते. मोट नको, बैल नको, उपसा नको. उन्हात पाणी उडून जाण्याचे भयही नाही. भुयार खणण्यासाठी व पुढे गाळ काढण्यासाठी वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी ठेवलेल्या असतात. त्यांच्या तोंडाशी टाकलेल्या मातीचे ढीग विमानातून वारुळांच्या रांगेसारखे दिसतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना हे वर्णन परके वाटणार नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी केलेली नहर-ए-अंबरी आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही याच कुळातील कामे होत.

खेत्ताराचा खरा गुण तिच्या शिस्तीत आहे. भूजलाची पातळी खाली गेली की तिची धार आपोआप बारीक होते, पाऊसपाणी चांगले झाले की पुन्हा भरते. ठेवीवर जेवढे व्याज येईल तेवढेच घरखर्चाला मिळावे आणि मुद्दलाला हात लावण्याची सोयच नसावी, असा हा व्यवहार. माराकेशच्या परिसरात अशा शेकडो खेत्तारा होत्या.

या पाण्यावर, आणि पुढे नदीवरून काढलेल्या पाटांवर, बागा उभ्या राहिल्या. त्यांतील सर्वांत मोठी व जुनी म्हणजे राजवाड्याच्या दक्षिणेची अग्दाल. बाराव्या शतकात अल्मोहाद राजवटीत तिची आखणी झाली. तिचा विस्तार सुमारे ४०० हेक्टर, म्हणजे हजार एकरांच्या घरात. फुलझाडांची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची येथे निराशा होते. समोर येतात त्या ऑलिव्ह, संत्री, डाळिंब, जर्दाळू आणि अंजीर यांच्या चौकोनी वाड्या, मधून जाणाऱ्या सरळ वाटा आणि दोन प्रचंड जलाशय. साठ्याचे पाणी पाळीपाळीने वाड्यांना सुटे. म्हणजे ही राजाची बाग असली तरी ती मुळात फळबाग, तीही उत्पन्नाची. तिच्या मोठ्या जलाशयात नौकाविहार करताना सुलतान चौथा मुहम्मद १८७३ मध्ये बुडून मरण पावला, अशी कथा तेथे सांगतात.

‘अग्दाल’ हा शब्द अमाझिग भाषेचा. अमाझिग म्हणजे ज्यांना आपण बर्बर म्हणतो ते तेथील मूळचे लोक. डोंगरातील त्यांच्या गावांत अग्दाल म्हणजे सामाईक कुरण. वसंतात गवत वाढीला लागले की ते चराईला बंद करायचे आणि गवताला फूल-बी धरले की ठरलेल्या दिवशी सर्वांना एकदम खुले करायचे. आपल्याकडील चराईबंदीच ही. काही काळ न घेण्याची रीत ज्या शब्दात आहे, तोच शब्द राजाच्या बागेला मिळाला.

मेनारा ही दुसरी जुनी बाग शहराच्या पश्चिमेला आहे. तीही बाराव्या शतकातली. ऑलिव्हचे विस्तीर्ण बन, मध्ये तलाव आणि काठावर हिरव्या कौलांचा एकोणिसाव्या शतकातला मंडप, एवढाच तिचा पसारा. हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी मंडपामागे ॲटलासचे बर्फ दिसते. पाणी कोठून येते हे सांगायला मग वाटाड्या लागत नाही. या दोन्ही बागांसह माराकेशची जुनी नगरी १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

जुन्या नगरीच्या बोळांतून हिंडताना मात्र बाग कोठेच दिसत नाही. दोन्ही बाजूंना बिनखिडक्यांच्या तांबड्या भिंती आणि गल्लीच्या मानाने लहान दरवाजे. हिरवळ दरवाजाच्या आत. अंगणात कारंजे, त्यापासून निघणाऱ्या चार वाटा आणि चार भागांत झाडे, अशा घराला ‘रियाद’ म्हणतात. अरबीत या शब्दाचा अर्थच बागा असा आहे. ही चार भागांची आखणी इराणमार्गे आपल्याकडेही आली. ताजमहाल आणि बीबी का मकबरा त्याच चारबाग पद्धतीचे. माराकेशमध्ये ती नीट समजून घ्यायची असेल तर २०१६ मध्ये जनतेसाठी खुल्या झालेल्या ‘जार्दँ सक्रे’ म्हणजे ‘गुप्त बाग’ येथे जावे. तेथे पाणी आणण्याची, वाटून देण्याची जुनी व्यवस्था दुरुस्त करून दाखवण्यासाठी ठेवली आहे. घाईत असलेले पर्यटक मनोऱ्यावरून छायाचित्रे घेऊन परततात. ज्यांना हिशेब आवडतो त्यांनी खाली पाटांपाशी थांबावे.

सर्वाधिक गर्दी असते ती माजोरेल बागेत. झाक माजोरेल या फ्रेंच चित्रकाराने १९२३ मध्ये जागा घेऊन ही बाग रचण्यास आरंभ केला. देशोदेशींचे निवडुंग, बांबू, ताड, बोगनवेल आणि या साऱ्यांत उठून दिसणारा गडद निळा बंगला. त्या निळ्या रंगाला आज त्याचेच नाव आहे. पण बागेचा खर्च त्याला झेपेना. १९४७ मध्ये त्याने तिकीट लावून ती लोकांना खुली केली. पुढे घटस्फोट, अपघात आणि जागेची विक्री. १९६२ मध्ये तो गेला आणि बाग ओसाड पडली. तेथे हॉटेल उभे राहण्याच्या बेतात असताना १९८० मध्ये वस्त्ररचनाकार इव्ह सेंट लॉरां आणि त्यांचे भागीदार पिएर बेर्जे यांनी ती विकत घेऊन वाचवली. लॉरां यांच्या अस्थी २००८ मध्ये तेथेच विखुरण्यात आल्या. अग्दाल आपला खर्च फळांतून काढीत असे. माजोरेल तो तिकिटांतून काढते. दोन्ही व्यवहार प्रामाणिक आहेत, मात्र दुसऱ्याला विमाने भरून येत राहावी लागतात.

विसाव्या शतकात इंजिने आली, मग विजेचे पंप आले. विहिरी खोल गेल्या. पंप व्याजावर थांबत नाही, तो सरळ मुद्दल काढतो. भूजलाची पातळी खेत्तारांच्या तळाखाली गेली आणि शतक संपेपर्यंत त्यांतील बहुतेक साऱ्या कोरड्या पडल्या. काहींची तोंडे नव्या वसाहतींखाली बुजली. दरम्यान शहराभोवती गोल्फची मैदाने वाढली. त्यांच्यासाठी शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची मोठी योजना झाली, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट. २०१८ नंतर लागोपाठ अनेक वर्षे अवर्षणाची गेली. २०२४ च्या आरंभी देशातील अनेक शहरांत सार्वजनिक स्नानगृहे आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवावी लागली. मोरोक्कन कुटुंबाच्या आठवड्यात या स्नानगृहाला, म्हणजे हम्मामला, जे स्थान आहे ते पाहता ही बंदी किती लागली असेल याची कल्पना करता येते.

आता चौकाकडे. ‘जमा-एल-फना’ हा माराकेशचा प्रसिद्ध चौक. कथेकरी, वादक आणि वैदू यांची येथील परंपरा युनेस्कोने २००१ मध्ये मौखिक वारसा म्हणून गौरवली. तिसऱ्या प्रहरानंतर येथे हातगाड्यांवरून पाट्या, बाके, शेगड्या येतात आणि क्रमांक लावलेली खाद्यगृहे मांडली जातात. सूर्य मावळता मावळता धूर वर चढू लागतो. येथील बहुतेक पदार्थ मांस-मासळीचे, एका बाजूस गोगलगायींचा रस्सा, आणि शाकाहारी म्हणून मिळणारी वांगी-मिरची बहुधा त्याच कढईत तळलेली. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाने या मेजवानीत आपण काही गमावले असे मानण्याचे कारण नाही. दुपारी उशिरा एखाद्या उपाहारगृहाच्या गच्चीवर पुदिन्याचा चहा घेत चौक भरताना पाहावा आणि दिवे लागण्यापूर्वी उठावे. चौकात नाग आणि साखळीला बांधलेली माकडे घेऊन बसणारेही भेटतात. ही माकडे ॲटलासच्या जंगलातली, संकटग्रस्त जातीची. त्यांच्यासोबत छायाचित्र काढून दिलेले पैसे पुढच्या पिलाच्या पकडीची उचल ठरतात. तेथे पाकीट उघडू नये हेच बरे.

आपल्या सोयीचे माराकेश सकाळी भेटते. बाजाराच्या तोंडाशी उकळणाऱ्या हंड्यांत ‘बिसारा’ असतो: सुक्या बाकल्याच्या डाळीचे दाट कढण, वर जिरेपूड आणि ऑलिव्ह तेलाची धार, सोबत गोल पाव. रंगारूपाने पिठल्याचा भाऊ. त्यात लसूण शिजलेलाच असतो, हे मात्र आधी जाणून घ्यावे. ‘म्समन’ ही चौकोनी घडीची पोळी तव्यावर तेल-लोणी सोडून भाजतात. ‘हर्शा’ रव्याची जाड भाकरी. ‘बगरीर’ एका बाजूने भाजलेली, जाळी पडलेली, आंबोळीची मोरोक्कन बहीण. यांवर मध घालून देण्याची रीत असल्याने मध नको असल्यास आधीच सांगावे लागते. ‘स्फंज’ म्हणजे मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट यांचे तळलेले कडे. अंडे नाही, दूध नाही. जुन्या रीतीने ते ताडाच्या पात्याच्या दोरीत ओवून देतात. ‘हरीरा’ हे टोमॅटो, मसूर आणि हरभऱ्याचे सूप वर्णनावरून निर्धोक वाटते, पण ते बहुधा मांसाच्या पाण्यात केलेले असते.

चार शब्द पाठ करून जावेत. ‘ब्ला’ म्हणजे विना. ब्ला ल्हम, मांसाविना. ब्ला तूमा, लसणाविना. ब्ला बस्ला, कांद्याविना. ब्ला असल, मधाविना. कारण विचारले जात नाही. स्वतः रमझानचे उपवास करणाऱ्या विक्रेत्याला आहाराचा नियम ही समजण्यासारखी गोष्ट असते.

फळांच्या बाबतीत काही अडचण नाही. चौकातील गाड्यांवर संत्र्यांचा रस डोळ्यांसमोर काढून देतात. बर्फ व वरचे पाणी नको म्हणावे. रस्त्यांच्या दुतर्फा लगडलेली झाडे पाहून ती फळे याच रसाची, असा समज होतो. तो चुकीचा. ती कडू संत्री, अरबीत ‘नारंज’, म्हणजे संस्कृतातील ‘नारंग’च, हा शब्द फळासोबत इराण-अरबस्तानातून स्पेनपर्यंत गेला. वसंतात या झाडांना मोहोर येतो तेव्हा घरोघर फुलांचा अर्क काढतात. उन्हाळ्यात हातगाडीवर फड्या निवडुंगाची फळे सोलून देतात. मूळ अमेरिकेची ही वनस्पती. मोरोक्कोत तिला ‘हिंदिया’ म्हणजे भारतीय म्हणतात! २०१४ पासून एका पांढऱ्या किडीने देशभर निवडुंगाची कुंपणे संपवीत आणली. कीडविरोधी वाण लावण्याचे काम चालू आहे, तरी हे एके काळचे गरिबाचे फळ आता महाग झाले.

ऑलिव्हचेही तेच. बाजारात हिरव्या, जांभळ्या, काळ्या ऑलिव्हच्या राशी आणि आपल्या मिठातल्या लिंबाच्या लोणच्यासारखी मुरलेली लिंबे अजून मांडलेली दिसतात. परंतु अवर्षणाने पीक घटले, २०२३ च्या शरदात सरकारला ऑलिव्ह तेलाच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घालावे लागले, आणि पुढच्या वर्षी तेलाचा भाव लिटरमागे १०० दिरहमच्या घरात गेला. बिसाऱ्याच्या वाडग्यावर पडणारी ती हिरवट धार त्या वर्षी याच भावाने विकत घेतलेली होती.

अग्दाल बाग आठवड्यातून ठरावीक दिवसच खुली असते आणि राजा शहरात असला की तीही बंद, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून निघावे. प्रवासाला मार्च-एप्रिल उत्तम. तेव्हा रस्त्यांवर कडू संत्र्याचा मोहोर असतो, ॲटलासवर थोडेफार बर्फ उरलेले असते, आणि पाऊस झालेल्या वर्षी अग्दालच्या वाड्यांत पाणी सुटताना पाहायला मिळते.