लाईट गेल्यावर संगणकाचे काय करावे?

बेळगावचा पाऊस तुम्हांला ठाऊक आहेच. जुलै उजाडला की कुठे तारेवर फांदी पडते, कुठे फ्यूज उडतो आणि भर दुपारी वर्गात अंधार होतो. कन्नड विभागातले मित्र ‘करंट होय्तु’ म्हणतात, आम्ही ‘लाईट गेली’ म्हणतो. पण संगणकापुढे बसलेल्या दोघांच्याही छातीत सारखेच धस्स होते.

गेल्या वर्षी हा अनुभव मी घेतला. प्रकल्पाचा अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. टंकन चालू असतानाच वीज गेली व यूपीएस ‘टीं टीं’ करू लागला. पडदा तर उजळ होता, म्हणून म्हटले, एवढा परिच्छेद संपवू. परिच्छेद संपण्यापूर्वीच संगणक बंद पडला आणि नंतर फाईल उघडेचना. वहीतल्या टिपणांवरून सारी रात्र पुन्हा लेखन करावे लागले. प्रयोगशाळेतले मामा एवढेच म्हणाले, “अरे, यूपीएस काम करायला नसतो, काम आवरायला असतो.”

असे का? आपण टंकलेला मजकूर प्रथम ‘रॅम’ या तात्पुरत्या स्मृतीत राहतो. वीज गेली की ती कोरी होते. ‘सेव्ह’ केल्यावरच मजकूर डिस्कवर उतरतो, आणि उतरत असताना वीज तुटली तर फाईल अर्धवट राहू शकते.

साध्या यूपीएसची बॅटरी सुस्थितीत असली तरी बहुधा दहा-पंधरा मिनिटेच पुरते. तीन-चार वर्षांची झाली की तेवढीही नाही. म्हणून पहिला आवाज होताच ‘कंट्रोल’ व ‘एस’ या कळा दाबून काम साठवावे, उघडलेले कार्यक्रम मिटवावेत आणि ‘शट डाऊन’ करावे. ‘स्लीप’वर विसंबू नये, कारण त्यातही रॅमला वीज लागतेच. बटण चार-पाच सेकंद दाबून धरणे म्हणजे तर आपणच वीज तोडणे होय. यंत्र पूर्ण थांबल्यावर यूपीएस व मग भिंतीवरचे बटण बंद करावे. पडद्याची जोडणी यूपीएसवरच असावी, नाहीतर सेव्ह करायचे ते अंधारात. लेझर प्रिंटर मात्र त्यावर कधीही जोडू नये. तो तापताना फार वीज ओढतो.

वीज परत आली की आपण लगेच धावतो, हेही चुकीचे. २३० व्होल्टचा दाब स्थिरावेपर्यंत खालीवर होतो, कधी वीज पुन्हा जाते. पाच-दहा मिनिटे थांबून भिंतीवरचे बटण, यूपीएस, पडदा आणि शेवटी संगणक, या क्रमाने सुरू करावे. संगणक स्वतः डिस्क तपासू लागला तर मध्येच थांबवू नये. ‘वर्ड’ने वाचवलेली प्रत दाखवली तर ती वेगळ्या नावाने साठवून मगच तपासावी. बॅटरी पुन्हा भरायला काही तास लागतात. म्हणून त्याच दिवशी दुसऱ्यांदा वीज गेली तर अधिकच घाई करावी.

माझा अहवाल वेळेवर गेला, पण दोन आकृत्या राहिल्या आणि त्यांचे गुणही गेले. आता पहिल्या ‘टीं’ला माझा हात आपोआप कळांकडे जातो. परिच्छेद उद्या लिहिता येतो.