क्लासनेम की क्लासलिस्ट? माझी एक चूक

गेल्या दिवाळीत ओळखीच्या एका काकूंसाठी मी फराळाच्या ऑर्डरचं वेबपेज बनवलं. मोबाईल नंबर चुकला की रकाना लाल दिसावा, म्हणून जावास्क्रिप्टमध्ये त्याच्या क्लासनेमला 'चूक' ही व्हॅल्यू दिली. रकाना लाल झाला, मी खूश! दोन दिवसांनी काकूंचा फोन, "अरे, काही ऑर्डरींत नंबरच नाहीत. फोन कोणाला करू?"

झालं असं की, क्लासनेम ही साधी स्ट्रिंग आहे. तिला नवीन व्हॅल्यू दिली की आधीचे सगळे क्लास पुसले जातात. माझी स्क्रिप्ट 'ऑर्डर' हा क्लास असलेले रकानेच गोळा करायची, आणि नेमका तोच गेला. ज्यांचा नंबर आधी चुकला, त्यांनी तो नंतर दुरुस्त केला तरी माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

इथे हवं होतं क्लासलिस्ट. त्यातलं अ‍ॅड दिलेला क्लास जोडतं, रिमूव्ह तेवढाच काढतं. बाकीच्यांना धक्का लागत नाही. एकच क्लास दोनदा अ‍ॅड केला तरी तो एकदाच राहतो. फक्त क्लासच्या नावात स्पेस टाकू नका, स्क्रिप्ट तिथेच अडकते.

टॉगल मात्र जपून वापरा हं. क्लास असेल तर ते काढतं, नसेल तर लावतं. प्रत्येक अक्षर टाइप होताना चालवलंत तर रकाना लाल-पांढरा होत राहील. म्हणून क्लासच्या नावापुढे दुसरी व्हॅल्यू द्या: ट्रू असेल तर क्लास लागतो, फॉल्स असेल तर निघतो. काकूंच्या पेजवर मी तिथे 'नंबर 10 अंकी नाही' ही अटच लिहिली आहे.